मताचे मूल्य जाणणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन आपण महाड, नाशिक आणि नागपूर या टप्प्यांनी स्मरतो. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस त्यात आणखी एक अखंड सूत्र दिसते. मत कोणाला आहे, एवढेच न पाहता ते कसे टाकले व मोजले जाते, याचा त्यांनी जन्मभर विचार केला.

1919 साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडता यावेत, अशी मागणी केली. 1932 च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती: एक स्वतंत्र मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने जागा 71 वरून 148 झाल्या. परंतु ते दुहेरी मत गेले. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांनी चार उमेदवार निवडावयाचे आणि त्यांतील एकास सर्व मतदारांनी विजयी करावयाचे, अशी तडजोड झाली. संख्या वाढली, पण अंतिम निवड बहुसंख्याकांच्या हाती गेली.

1937 साली मुंबई प्रांतात संचयी मतदानाची पद्धत होती. मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येत. विखुरलेल्या अल्पसंख्याकांची शक्ती त्यामुळे एकवटली. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः निवडून आले आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेही चांगले यश मिळविले.

1952 च्या लोकसभा निवडणुकीत नियम पालटला. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात मतदारास दोन मते होती. परंतु दोन्ही एकाच उमेदवारास देण्यास मनाई होती. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती. तरीही संविधानाचे शिल्पकार राखीव जागेवर पराभूत झाले. सुमारे 74 हजार मते बाद ठरली. मते कुजविण्याच्या प्रचाराविरुद्ध त्यांनी अशोक मेहतांसह निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना पराभव पत्करावा लागला.

तथापि त्यांनी लोकशाहीवरील श्रद्धा सोडली नाही, उपाय शोधला. 1955 साली भाषिक राज्यांवरील ग्रंथात त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान सुचविले. अल्पसंख्याकांचे भय त्याने कमी होईल, अशी त्यांची धारणा होती. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. परंतु संचयी मताची त्यांची सूचना मागेच राहिली.

आज राखीव मतदारसंघात उमेदवार आपला असतो, मतदार मात्र सर्वच असतात. संयुक्त मतदारसंघामुळे इतर समाजांशी मैत्री जोडावी लागते, हा त्याचा गुण. मात्र ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांच्यापेक्षा इतरांची मर्जी सांभाळणारा उमेदवार सहज निवडून येऊ शकतो, ही त्याची उणीव. आमच्या विद्यार्थ्यांनी अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव तर नोंदवावेच. त्याचबरोबर आपला प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडून येतो आणि कोणाला उत्तर देतो, हेही तपासावे. बाबासाहेबांच्या चरित्राचा हा धडा पाठ्यपुस्तकात अभावानेच आढळतो. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तो नोंदवून ठेवीत आहोत.