लायडनच्या थंडीचा कारभारी

हॉलंडमधल्या लायडन शहरात १२ जानेवारी १८०७ रोजी कालव्यात उभ्या असलेल्या जहाजातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. दीडशेच्या आसपास माणसे दगावली, घरेच्या घरे जमीनदोस्त झाली. पुढे त्याच उजाड जागेवर विद्यापीठाची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १८८२ साली एकोणतीस वर्षांचे हाइके कामरलिंग ओन्नेस तिथे प्राध्यापक म्हणून आले. ग्रोनिंगनच्या एका कौले-विटांच्या कारखानदाराचा हा मुलगा. प्रकृतीने नाजूक, छातीच्या विकाराने कायम बेजार, पण जिद्द मोठी. निसर्गातली सर्वांत कडाक्याची थंडी त्यांना माणसाच्या हाताने निर्माण करायची होती.

त्यासाठी वायू प्रचंड दाबाखाली कोंडावे लागत. हे कळताच गावकऱ्यांना जुना स्फोट आठवला. तक्रारी सरकारदरबारी गेल्या आणि १८९५पासून सुमारे तीन वर्षे काम अडून राहिले. चौकशी समिती नेमली गेली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधले प्रतिस्पर्धी जेम्स ड्यूअर यांनीसुद्धा ओन्नेस यांची बाजू घेतली. परवानगी मिळाली ती १८९८ साली, आणि त्याच वर्षी ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप करून बाजी मारली!

ही तीन वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. ड्यूअर यांच्या प्रयोगशाळेत स्फोटांमुळे दोघा सहायकांना एकेक डोळा गमवावा लागला. ओन्नेस यांनी घाई केली नाही. यंत्रे बनवणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच काढली. निळे डगले घातलेली ही पोरे काच फुंकायला, पंप जोडायला शिकली. एकट्या विद्वानाच्या हुशारीवर न विसंबता त्यांनी एक कारखानाच उभा केला.

१० जुलै १९०८. काम पहाटे पावणेसहाला सुरू झाले. दुपारी जेवायलाही सवड नव्हती. हात यंत्रात गुंतलेले, म्हणून पत्नी त्यांना घास भरवत होती. संध्याकाळी तापमापक एका जागी थबकला. हेलियम काही दिसेना. कुणीतरी सुचवले, भांड्यावर खालून उजेड टाका. तेव्हा द्रवाचा पृष्ठभाग चमकला. उणे २६९ अंश सेल्सिअस! हाती आले ते जेमतेम ६० घनसेंटिमीटर.

आता प्रश्न होता मोजण्याचा. एवढ्या थंडीत धातूतून वीज कशी वाहते? काचेच्या बारीक नळीत गोठवलेल्या पाऱ्यातून अगदी थोडा प्रवाह सोडायचा. जास्त सोडला तर पाराच तापायचा. आणि पंपांची धडधड एवढी, की नाजूक गॅल्व्हानोमीटरचा आरसा थरथरे. म्हणून ते उपकरण सुमारे ५० मीटर दूर, अंधाऱ्या खोलीत ठेवले. तिथे तरुण सहकारी गिलेस होल्स्ट आकडे टिपत, इकडे हेरिट फ्लिम थंडी सांभाळत. ८ एप्रिल १९११ रोजी वहीत नोंद झाली, की पाऱ्याचा विरोध जवळपास नाहीसा झाला आहे. मे महिन्यात उपकरण आणखी संवेदनशील केले गेले. एका व्होल्टचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले तीस त्याला कळत. तरी विरोधाचा मागमूस लागेना.

या शोधावर नाव मात्र एकट्या ओन्नेस यांचे लागले. होल्स्ट यांच्या वाट्याला आभार आले. त्या काळची रीत म्हणावी, तरी हा हिशेब मला खटकतो. नोबेल पारितोषिक आले ते १९१३ साली.

विरोध नाही म्हणजे हवी तेवढी वीज सोडा, प्रचंड चुंबक बनवा, असे स्वप्न त्यांनी त्याच वर्षी शिकागोत मांडले. पण मर्यादा आडवी आली. प्रवाह ठरावीक हद्दीपलीकडे गेला, किंवा चुंबकीय क्षेत्र वाढले, की जादू क्षणात नाहीशी होई. थंडीतली नाजूक यंत्रे चालवणारे आजही प्रवाह बेताबेताने वाढवतात, तो यासाठीच.

ओन्नेस २१ फेब्रुवारी १९२६ रोजी गेले. १९३२ साली फ्लिम यांनी द्रव हेलियमच्या भांड्यात शिशाचे एक कडे ठेवले, त्यात २०० अँपिअरचा प्रवाह फिरता केला आणि ते भांडे घेऊन ते विमानाने लंडनला निघाले. मुक्काम होता रॉयल इन्स्टिट्यूशन, ड्यूअर यांचेच ठिकाण. कड्याला ना बॅटरी होती ना तार, आणि तिथे पोहोचेपर्यंत प्रवाह फिरतच होता.