विश्लेषण : २४ भागांची 'चंद्रकांता संतति' वाचायला घ्यावी का? ती लिहिणारे देवकीनंदन खत्री कोण होते?

लांबलचक कादंबरीमालिका हातात घेताना वाचकाला दोन प्रश्न पडतात. एवढा वेळ देऊन पदरात काय पडणार? आणि लेखकाने कथा पूर्ण केली आहे का? हिंदीत हे दोन्ही प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते, ते देवकीनंदन खत्री यांच्यामुळे.

खत्री लेखनाकडे कसे वळले?

खत्रींचा जन्म १८६१ मध्ये बिहारमधील पूसा येथे झाला. सुरुवातीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले, हिंदी आणि संस्कृत ते नंतर बनारसमध्ये शिकले. गयेजवळच्या टिकारी संस्थानाशी त्यांचा व्यवसाय होता. पुढे बनारसच्या महाराजांकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला. डोंगर, गुहा, पडके किल्ले यांत त्यांची भटकंती झाली. ठेका हातचा गेला, पण ही ठिकाणे मनात राहिली. 'चंद्रकांता'तील नौगढ, विजयगढ आणि चुनारगढ तिथूनच आले.

'तिलिस्म' आणि 'ऐयार' म्हणजे काय?

तिलिस्म म्हणजे खजिना राखणारी गूढ वास्तू. आत गुप्त दारे, भुयारे आणि हलत्या पुतळ्या. या करामती जादूच्या वाटल्या, तरी खत्री अनेकदा त्यांच्यामागे एखादे यंत्र किंवा कळ दाखवतात. ऐयार म्हणजे वेषांतरात तरबेज हेर. बेशुद्धीची पूड आणि बटवा ही त्याची हत्यारे.

मालिका एवढी का वाढली?

चार भागांची 'चंद्रकांता' १८९० च्या सुमारास आली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. मग चंद्रकांता आणि वीरेंद्रसिंह यांच्या मुलांची कथा 'संतति' म्हणून सुरू झाली आणि २४ भागांपर्यंत गेली. भाग सुटे येत, प्रत्येक भागाच्या शेवटी रहस्य टांगते राही. १८९८ मध्ये खत्रींनी बनारसमध्ये स्वतःचा लहरी प्रेस काढला. लेखक आणि प्रकाशक एकच झाल्याने कथेला आवर घालणारे कोणी उरले नाही. भाषा मात्र त्यांनी मुद्दाम बोलचालीची ठेवली. ही पुस्तके वाचता यावीत म्हणून उर्दू वाचणाऱ्या कित्येकांनी देवनागरी शिकून घेतली, याची नोंद समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी केली. या कादंबऱ्यांना उच्च साहित्यात जागा द्यायला मात्र ते तयार नव्हते.

मालिका पूर्ण झाली का?

'संतति' पूर्ण झाली. त्यातला सर्वांत गुंतागुंतीचा ऐयार भूतनाथ. त्याच्यावर खत्रींनी स्वतंत्र मालिका सुरू केली, पण सहा भाग लिहून झाले आणि १९१३ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नायकाच्या भूतकाळाचा उलगडा अर्ध्यावर राहिला. वाचकांना वाऱ्यावर न सोडता त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुढचे भाग लिहून कथा तडीस नेली.

मग आज सुरुवात करावी का?

दूरदर्शनवरील १९९४ ची 'चंद्रकांता' मालिका पाहिलेल्यांनी तीच कथा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, मूळ पुस्तक बरेच वेगळे आहे. आधी फक्त चार भागांची 'चंद्रकांता' घ्यावी. ती स्वतःपुरती पूर्ण आहे, लिपी आपलीच असल्याने मराठी वाचकाला अडचणही फारशी येत नाही. कारस्थाने आणि वेषांतरे पुन्हा पुन्हा येतात, स्वभावचित्रण बेताचे आहे. त्याचा कंटाळा आला तर तिथेच थांबावे, काही निसटत नाही. चौथा भाग संपवून पुढचा शोधावासा वाटला, तर 'संतति' घ्यावी. भूतनाथ आवडला तरच तिसरी मालिका, आणि तीही मधेच लेखणी बापाकडून मुलाकडे गेली आहे हे लक्षात ठेवून.