दुकानाच्या माळ्यावरचा मिशनरी

महानगरांचा इतिहास लिहिताना आपण गिरण्या, गोद्या, पेढ्या आणि रेल्वे यांचा हिशेब मांडतो. परंतु या सर्वांना ज्यांनी खांदा दिला त्या एकट्या, अविवाहित तरुणांचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. घरची शेती पुरेनाशी झाली म्हणून किंवा चार पैसे गाठीला बांधावेत म्हणून गाव सोडून आलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा शहराला हवा असतो तो त्याच्या हातांसाठी. संध्याकाळी काम संपल्यावर तो कोठे जातो, कोणाशी बोलतो, आजारी पडला तर त्याला पेज कोण देतो, हे प्रश्न शहराच्या खतावणीत बसत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे प्रश्न ज्याने आपले मानले, तो धर्मशास्त्राचा पंडित नव्हता की दीक्षित धर्मोपदेशकही नव्हता. तो लंडनमधील एका कापडदुकानातला साधा गुमास्ता होता. त्याचे नाव जॉर्ज विल्यम्स. वाय.एम.सी.ए. ही अक्षरे आज आपल्याला परिचित आहेत. त्यांच्यामागचा माणूस मात्र बहुतेकांच्या विस्मृतीत गेला आहे.

विल्यम्स यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८२१ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, डल्व्हर्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळा तेराव्या वर्षीच सुटली. पावसापाण्यात गवताने भरलेली गाडी हाकताना ती त्यांच्या हातून खड्ड्यात उलटली आणि हा मुलगा शेतीच्या कामाचा नव्हे, असा निर्णय वडीलधाऱ्यांनी घेतला, अशी हकिकत त्यांचे चरित्रकार सांगतात. ती खरी असेल तर त्या उलटलेल्या गाडीचे जगावर उपकारच म्हणावे लागतील. मुलाला ब्रिजवॉटर येथील एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. याच गावी, १८३७ साली, तेथील काँग्रिगेशनल पंथाच्या प्रार्थनामंदिरात त्यांच्या मनाला धर्मनिष्ठेचे वळण लागले. पुढील अडुसष्ट वर्षांत ते वळण कधी सैल झाले नाही.

१८४१ मध्ये विल्यम्स लंडनला आले आणि सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारालगत असलेल्या हिचकॉक अँड रॉजर्स या मोठ्या पेढीत नोकरीस लागले. त्या काळच्या कापडदुकानांची रीत समजून घेतल्याखेरीज पुढील कथेचा अर्थ उमगणार नाही. दुकानातील नोकरांना दुकानाच्या वरच्या मजल्यांवरच राहावे लागे. हिचकॉक यांच्याकडे असे सुमारे एकशेचाळीस नोकर होते. सकाळी सातच्या आसपास सुरू झालेला दिवस रात्री नऊला, कधी त्याहूनही उशिरा संपे. निजायच्या खोल्या दाटीवाटीच्या. एकांताला जागा नाही, वाचनाला दिवा नाही, मनाला विसावा नाही. दाराबाहेर पडले की दारूचे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे स्वागताला हजर. लंडनची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या घरात पोहोचली होती. पण त्या वीस लाखांत या पोराला नावाने हाक मारणारे माणूस सापडणे कठीण होते. चर्चमध्ये गेला तर तेथील बाके कुटुंबवत्सल गृहस्थांसाठी. गावाकडचे चर्च मागे राहिले आणि शहरातले त्याला ओळखत नाही, अशी ही अधांतरी अवस्था होती.

विल्यम्स यांनी ही अवस्था व्यासपीठावरून पाहिली नाही. ते स्वतः त्याच माळ्यावर निजत होते. त्यांच्या कार्याचे सारे मर्म येथे आहे. दिवसभर शेजारच्या फळीवर उभे राहून कापड मोजणारा सोबती रात्री प्रार्थनेला बोलावतो, तेव्हा त्याच्या निमंत्रणात उपदेशकाचा दिमाख नसतो. प्रारंभी दोघे-तिघे, मग पाच-सात अशी ही मंडळी शयनगृहात जमू लागली. विरोधही झाला, टवाळी झाली. एका कट्टर टवाळखोराची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याला कालवे अतिशय आवडतात असे कळल्यावर या मंडळींनी वर्गणी काढून कालवांच्या जेवणाचा बेत केला आणि त्यालाच पाहुणा म्हणून बोलावले. धर्माविषयी वादाचा एक शब्दही न काढता त्याला आनंदाने जेवू घातले. कालांतराने तो त्यांच्यातला एक झाला. वाद घालण्यापेक्षा माणसाला जेवायला बोलवावे, हा धडा विल्यम्स यांनी तेथे गिरवला आणि आयुष्यभर पाळला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. एका पंगतीला बसल्याखेरीज परकेपण जात नाही, हे आपल्या संतपरंपरेला चांगले ठाऊक होते.

६ जून १८४४ रोजी विल्यम्स यांच्याच खोलीत बारा तरुण जमले आणि ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ची स्थापना झाली. बाराजणांपैकी एक सोडला तर सारे त्याच पेढीतले. बैठकीचे वैशिष्ट्य हे की, जमलेले तरुण वेगवेगळ्या पंथांचे होते. ज्या काळी अँग्लिकन आणि बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट यांची तोंडे चार दिशांना होती, त्या काळी चार पंथांच्या गुमास्त्यांनी एकत्र बसावे, ही गोष्ट लहान नव्हती. विद्वानांना जे ऐक्य चर्चेने साधले नव्हते, ते समान एकटेपणाने साधले. संघाचा पहिला उद्देश कापड व अन्य व्यापारांत काम करणाऱ्या तरुणांची आध्यात्मिक उन्नती एवढाच होता. मालक हिचकॉक स्वतः या तरुणांच्या वर्तनाने प्रभावित झाले आणि संघाचे खजिनदार बनले.

यापुढील वाढ वेगवान आहे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाला देशोदेशीचे लोक आले आणि संघाची कल्पना घेऊन गेले. त्याच वर्षी मॉन्ट्रियल व बोस्टन येथे शाखा निघाल्या. १८५५ मध्ये पॅरिस येथे नऊ देशांच्या संघांचे प्रतिनिधी एकत्र आले व जागतिक संघटना उभी राहिली. त्या मेळाव्यामागे जिनिव्हाच्या ज्या तरुणाची धडपड होती तो आँरी द्यूनाँ. पुढे रेड क्रॉसचा प्रवर्तक म्हणून तो जगाला माहीत झाला आणि १९०१ मध्ये शांततेच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा सहमानकरी ठरला. त्याच १८५५ साली इंग्लंडमध्ये एकाकी तरुणींसाठीही काम सुरू झाले. एमा रोबार्ट्स आणि लेडी किनेर्ड या दोन स्त्रियांच्या स्वतंत्र प्रयत्नांतून पुढे वाय.डब्ल्यू.सी.ए. आकाराला आली. एकटेपणा काही पुरुषांचीच मिरासदारी नव्हती, आणि हे पुरुषांच्या आधी स्त्रियांनाच दिसले, हे नमूद केले पाहिजे.

विल्यम्स स्वतः नोकरी सोडून मिशनरी झाले नाहीत. १८५३ मध्ये त्यांचा विवाह हिचकॉक यांची कन्या हेलन हिच्याशी झाला. ते पेढीचे भागीदार झाले आणि १८६३ मध्ये सासऱ्यांच्या निधनानंतर तिचे प्रमुख. मिळालेल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी धर्मकार्याला दिला. लॉर्ड शॅफ्ट्सबरी यांच्या मृत्यूनंतर संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८९४ मध्ये संघाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी राणी व्हिक्टोरियाने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. ६ नोव्हेंबर १९०५ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले आणि ज्या कॅथीड्रलच्या सावलीत त्यांनी कापड विकले, त्याच सेंट पॉलच्या तळघरात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

येथवरचे चरित्र एखाद्या बोधकथेसारखे सरळ वाटते. परंतु थोरांचे चरित्र वाचायचे ते केवळ हात जोडण्यासाठी नव्हे. ज्या व्यवस्थेने त्या तरुणांना माळ्यावर कोंबले होते, त्या व्यवस्थेविषयी विल्यम्स यांची भूमिका काय होती, हा प्रश्न टाळता येत नाही. दुकाने लवकर बंद करावीत, या चळवळीला त्यांच्या पेढीची सहानुभूती होती, हे खरे. परंतु नोकरांनी दुकानातच राहण्याची पद्धत त्यांच्या हयातीत मोडली नाही. १८८६ चा कायदा झाला तेव्हा अठरा वर्षांखालील नोकरांच्या कामाची मर्यादा आठवड्याला ७४ तास ठरली, आणि ती सुधारणा म्हणून गणली गेली! विल्यम्स ज्या वर्षी वारले त्याच १९०५ साली एच. जी. वेल्स यांची ‘किप्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्वतः कापडदुकानात उमेदवारी केलेल्या या लेखकाने तिच्यात दुकानाच्या माळ्यावरील कोंडमारा रंगवला आहे. म्हणजे साठ वर्षांच्या प्रार्थनेनंतरही माळा होता तेथेच होता. विल्यम्स यांनी माणसाला धीर दिला, मात्र त्याला धीराची गरज का पडते याचा पाठपुरावा त्यांनी पुरेसा केला नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होणार नाही.

दुसरा प्रश्न आपल्या देशात अधिक नाजूक आहे. ही सेवा होती की धर्मप्रसार? उत्तर असे की, आरंभी ती निखळ धर्मप्रसारच होती, आणि विल्यम्स यांनी ते कधी लपवले नाही. नाटक, करमणूक यांविषयी ते आणि लंडनचे त्यांचे सहकारी साशंकच राहिले. परंतु संस्था संस्थापकाहून मोठी झाली. अमेरिकेत तिने व्यायामशाळा काढल्या, वसतिगृहे बांधली. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या तिच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा शोध लावला, तर १८९५ मध्ये तिच्याच होलिओक येथील शाखेत व्हॉलीबॉल जन्मला. आज आपल्या खेड्यांतील शाळांच्या पटांगणावर व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलाला त्या प्रार्थनाखोलीची वार्ताही नसते. भारतात मुंबईची शाखा १८७५ मध्ये निघाली, अखिल भारतीय परिषद १८९१ मध्ये मद्रासला स्थापन झाली, आणि मद्रासलाच १९२० मध्ये हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय उभारले. छप्पर, अन्न आणि मैदान देताना धर्म विचारण्याची आवश्यकता हळूहळू मागे पडली. काहींना ही मूळ ध्येयाची घसरण वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती त्या कालवांच्या जेवणाचीच परिणती होय.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. कोकणातल्या गावांनी मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत गावचे वीस-पंचवीस गिरणीकामगार पाळीपाळीने निजत. गोव्याच्या गावांनी धोबी तलावाच्या परिसरात ‘कूड’ उभारले. बोटीवरून उतरलेला खलाशी तेथे आपली पेटी ठेवी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला वेदीसमोर गुडघे टेकी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका सुरू केली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा’च्या रूपाने खानावळवाल्या स्त्रियांची संघटना बांधली, तेव्हा त्या स्त्रियांच्या हातचे जेवून जगणाऱ्या एकट्या कामगारांचीही अप्रत्यक्ष सोय झाली. तथापि गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गावकीचा तो आधारही क्षीण झाला.

माळा मात्र गेला नाही. त्याने पत्ता बदलला. पुण्याच्या पेठांत ‘कॉट बेसिस’वर राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारा मराठवाड्यातला मुलगा, हिंजवडीच्या संगणक कंपनीत रात्रपाळी करणारी विदर्भातली मुलगी, पाठीवर पिशवी घेऊन घरोघर जेवण पोहोचवणारा आणि स्वतः वडापावावर दिवस काढणारा पोरगा, हे सारे १८४४ च्या त्या बारा जणांचे वारसदार आहेत. त्यांच्याकडे उमेदवार मतासाठी जातात, शिकवण्या शुल्कासाठी जातात, घरमालक अनामत रकमेसाठी जातात. त्यांच्याकडे केवळ त्यांच्यासाठी कोण जाते? मंदिरे, मशिदी, चर्चे, बुद्धविहार यांच्या विश्वस्तांनी आणि गणेशोत्सवात लाखोंचा मांडव घालणाऱ्या मंडळांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्यासाठी विल्यम्स यांचा पंथ स्वीकारण्याची गरज नाही, त्यांच्या मर्यादा उचलण्याचीही नाही. घेण्यासारखी आहे ती एकच गोष्ट: उपदेश करण्यापूर्वी त्यांनी माळ्यावर अंथरूण टाकले होते. वरून येणाऱ्या दयेपेक्षा शेजारून येणारी हाक तरुणांना लवकर ऐकू जाते.