कॅथलीन लॉन्सडेल

मिठाचा खडा हातात घेतला, तर तो किती निश्चल भासतो! पण त्याच्या आतील अणू क्षणभरही स्वस्थ नसतात. ही अदृश्य थरथर क्ष-किरणांच्या साहाय्याने ज्यांनी चिकाटीने अभ्यासली, त्यांत कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीचे स्थान मोठे आहे.

कॅथलीनबाईंचा जन्म १९०३ साली आयर्लंडमधील न्यूब्रिज या गावी एका पोस्टमास्तराच्या घरी झाला. दहा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्या पाच वर्षांच्या असताना आई मुलांना घेऊन इंग्लंडात आली. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकण्याची सोय नव्हती, म्हणून त्यासाठी त्या मुलांच्या शाळेत जात. १९२२ साली पदवीपरीक्षेतील त्यांचे यश पाहून परीक्षक विल्यम ब्रॅग यांनी त्यांना संशोधनासाठी आपल्याकडे बोलावून घेतले.

स्फटिकातील अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे रांगा धरून असतात. त्या रांगांवरून क्ष-किरण परावर्तित झाले, की छायाचित्राच्या काचेवर ठिपके उमटतात. स्फटिक तापला, की अणूंची चुळबूळ वाढते, रांगा डळमळतात आणि ठिपके फिके पडतात. ते किती फिके पडले, यावरून अणू किती हलतात हे ठरविता येते. ठिपक्यांच्या आसपास काही अंधूक डागही दिसतात. ते कशामुळे पडतात, यावर १९४० च्या सुमारास मोठा वाद माजला होता. आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांचे मत तर अगदी निराळे होते. बाईंनी द्रवरूप हवेने स्फटिक थंडगार करून छायाचित्रे घेतली. थंडीत डाग मंदावले. म्हणजे ते उष्णतेचेच! हिरा मात्र हट्टी निघाला. काही हिऱ्यांतील जादा ठिपके थंडीला मुळीच दाद देईनात.

हे संशोधन रंगात आले असताना दुसरे महायुद्ध चालू होते. बाई क्वेकर पंथाच्या. युद्ध त्यांना मान्य नव्हते. नागरी संरक्षणासाठी नाव नोंदविण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी ते नोंदविले नाही. तीन लहान मुलांची आई म्हणून त्यांना सूट सहज मिळाली असती. आगीवर पहारा करण्याचे काम तर त्या आपखुशीने करीतच होत्या! पण सक्तीपुढे मान तुकविणे त्यांना पटेना. दोन पौंडांचा दंडही त्यांनी भरला नाही आणि १९४३ साली हॉलोवेच्या तुरुंगात एक महिना काढला. तेथे साफसफाईचे काम आटोपले, की त्या आपल्या शास्त्रीय कागदपत्रांत गढून जात. सुटल्यावर तुरुंगांतील स्थिती सुधारावी म्हणून त्या झटत राहिल्या.

१९४५ साली रॉयल सोसायटीने, स्थापनेनंतर तब्बल २८५ वर्षांनी, प्रथमच दोन स्त्रियांना सदस्य म्हणून निवडले. त्यांतील एक कॅथलीनबाई होत्या. पुढे अशनीत हिऱ्याचा एक निराळाच प्रकार सापडला. त्याला १९६७ साली लॉन्सडेलाइट हे नाव देण्यात आले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७१ साली, बाई निवर्तल्या.