डॉ. आनंदीबाई जोशी

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वी आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणून ओळखले जाई. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने तेथील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी एका एकवीस वर्षांच्या तरुणीची नेमणूक केली. ती तरुणी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्या वेळी त्या दूर अमेरिकेत होत्या.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीला शिकवावयाचे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्यापायी ते प्रसंगी कठोरही होत. कोल्हापूरच्या मुक्कामात, १८७८ साली, त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ते मिळाले नाही. परंतु ते पत्र छापले गेले आणि १८८० साली अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. पुढे या बाईंनी आनंदीबाईंवर मातेप्रमाणे माया केली.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. त्या काळी पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर फारच विरळ होत्या. आपण स्वतःच डॉक्टर व्हावयाचे, असा आनंदीबाईंनी निश्चय केला.

परदेशगमनास लोकांचा कडवा विरोध होता. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपला हेतू निर्भयपणे सांगितला. एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी अभ्यास केला. थंडी कडाक्याची, अन्न परके. प्रकृती ढासळू लागली, पण अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

पदवी मिळाली, तरी रुग्णाच्या खाटेपाशी राहून मिळणारा अनुभव हवाच होता. त्यासाठी त्या बॉस्टनच्या स्त्रिया व मुले यांच्या रुग्णालयात दाखल झाल्या. वैद्यकाचे ज्ञान तेथेच कसास लागते. पुढे कोल्हापुरास विभागाची धुरा वाहावयाची होती, मुलींना वैद्यक शिकवावयाचे होते. पण ते श्रम थकलेल्या देहास झेपले नाहीत. त्यांना क्षयाने ग्रासले.

नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईस परतल्या. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु तेथे रुजू होण्याचा दिवस उजाडलाच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली व त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

आनंदीबाईंच्या हातून कोल्हापूरच्या एकाही रुग्णाची सेवा घडली नाही. तथापि त्यांनी दाखविलेली वाट ओस पडली नाही. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी रुग्णसेवा केली. पहिले पाऊल टाकणाऱ्यास मुक्काम गाठता आला नाही, तरी मागून येणाऱ्यांना त्या पाऊलखुणांचाच आधार होतो.