कॉर्नवॉलिसची अर्धी वेतनसुधारणा

चार्ल्स कॉर्नवॉलिस हे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते ते बंगालच्या कायमधारा पद्धतीमुळे. परंतु सरकारी नोकरांचे वेतन, श्रेणी व अधिकार यांची मुळापासून फेरमांडणी करणारा प्रशासक म्हणूनही त्याचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे. वेतनव्यवस्था बदलण्याची भाषा निघाली की खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्याच्या मनात जी शंका उभी राहते, ती निराधार नसते, हे त्या चरित्रावरून कळते.

३१ डिसेंबर १७३८ रोजी लंडनमध्ये उमराव घराण्यात जन्मलेला कॉर्नवॉलिस पेशाने सैनिक होता. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे त्याच्या सैन्याला अमेरिकनांपुढे शरण जावे लागले. तरीही मायदेशी त्याची प्रतिष्ठा टिकून राहिली आणि सप्टेंबर १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून तो कलकत्त्यास आला.

कंपनीचे नोकर तुटपुंजा पगार घेत आणि खासगी व्यापार, दलाली व नजराणे यांवर गबर होत, असे त्याला आढळले. बनारसच्या रेसिडेंटाचे वेतन दरमहा सुमारे एक हजार रुपये होते. त्याची वरकमाई मात्र वर्षाला चार लाखांच्या घरात जाई. लंडनमधील संचालकांना पगारातील काटकसर तेवढी दिसे. तिची किंमत रयत मोजत आहे, हे दिसत नसे. कॉर्नवॉलिसने हे वर्म नेमके ओळखले. त्याने कलेक्टरचे वेतन दरमहा १,५०० रुपये केले, शिवाय वसुलीवर सरासरी एक टक्का मेहनताना दिला, आणि खासगी व्यापारास बंदी घातली. व्यापार मंडळातील भ्रष्ट अधिकाऱ्यांना त्याने दूर केले. खुद्द इंग्लंडच्या युवराजाकडून आलेल्या शिफारशींनाही त्याने दाद दिली नाही. १७९३ मध्ये महसूल व न्याय यांची खाती त्याने वेगळी केली.

येथवर ही हकीकत गौरवाची आहे. परंतु पुरेसे वेतन माणसाला प्रामाणिक राहण्यास बळ देते, हे तत्त्व त्याने केवळ युरोपीय अधिकाऱ्यांपुरते मानले. भारतीयांच्या बाबतीत दोष वेतनाचा न धरता स्वभावाचा धरला गेला आणि वरिष्ठ जागांचे दार त्यांना बंद झाले. सुमारे चारशे चौरस मैलांचे ठाणे सांभाळणाऱ्या दारोग्यास दरमहा २५ रुपये मिळत. पन्नास रुपयांपर्यंतचे दावे ऐकणाऱ्या मुन्सफास तर ठराविक पगारच नव्हता; दाव्यांच्या शुल्कावर त्याची गुजराण होई. ज्या रोगावर वरच्या मजल्यावर औषध दिले, तोच रोग खालच्या मजल्यावर कायम ठेवला गेला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बंगालच्या खेड्यांत दारोगा हे जुलूम व लाचलुचपत यांचे दुसरे नाव ठरले.

पुढे बेंटिंकने १८३१ नंतर न्यायखात्यात व महसूलखात्यात भारतीयांना अधिक अधिकाराच्या जागा दिल्या. त्यामागे उदारपणाइतकीच खर्चबचतीची निकडही होती. उच्च वेतनाच्या युरोपीयांकडूनच सर्व कामे करून घेणे कंपनीला झेपेनासे झाले होते.

कॉर्नवॉलिस १७९३ मध्ये परतला. आयर्लंडचा कारभार पाहून १८०५ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला गाझीपूर येथे मरण पावला. तेथे त्याची समाधी आहे.

त्याची वैयक्तिक सचोटी वादातीत होती. परंतु वेतनरचनेची परीक्षा ती आखणाऱ्याच्या सचोटीवरून होत नाही. जनतेचा रोजचा संबंध कलेक्टरशी क्वचित येतो. तो येतो पोलीस ठाण्यातील शिपायाशी, कचेरीतील कारकुनाशी, शाळेतील शिक्षकाशी. त्यांच्या वेतनाचा आणि बढतीचा प्रश्न मागे ठेवून केलेली फेररचना कागदावर कितीही सुबक दिसली, तरी तिचा भुर्दंड अखेरीस जनतेलाच सोसावा लागतो.