चिंतामणराव आणि ग्रंथालयांचे अनुदान

सरकारी पैसा घेऊन संस्थेने आपला विवेक कसा राखावा, हा प्रश्न पेण-रोह्यातील वाचनालयांना आजही पडतो. रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांनी (१८९६-१९८२) तो दोन्ही बाजूंनी पाहिला. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री. तिजोरीची किल्लीच त्यांच्या हाती होती. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी ती खाली ठेवली आणि विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. १९५७ मध्ये मंडळाने विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी समिती नेमली, ती डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली. पैसा सरकारचा, निकष मात्र ग्रंथपालाचे!

महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवार अनुदान मिळते. त्यासाठी हिशेब तपासला जातो, ग्रंथ मोजले जातात, शासनमान्य ग्रंथांची यादीही निघते. हिशेब हवाच, मेघदूत मराठीत आणणाऱ्या या काटेकोर अर्थमंत्र्याने त्यात सूट दिली नसती. परंतु यादीबाहेरचे पुस्तक रोह्याच्या वाचकाला हवे असेल, तर ते घेण्याचा निर्णय तेथल्या ग्रंथपालाकडेच असला पाहिजे, आणि त्यासाठी अनुदानात पुरेशी मोकळी रक्कमही.